नियंत्रण-पृष्ठांवरील खुणा व त्यांची मध्यस्थिती

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील टपालविमाने रात्री एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परत जात. त्या डाकोटा विमानांचे एलेरॉन, एलेव्हेटर व सुकाणू कापडाने मढविलेले असत आणि वैमानिकाच्या हातापायांची हालचाल पोलादी दोरांनी त्यांपर्यंत पोहोचे. पुढे विमाने बदलली. मिहानमध्ये २०१५ साली एअर इंडियाचे दुरुस्ती केंद्रही सुरू झाले. परंतु जेथे नियंत्रण दोरांनी चालते, तेथे जुना प्रश्न कायम आहे : पृष्ठ मध्यस्थितीत आहे, हे कशावरून ठरवावयाचे?

पृष्ठावरील रेषा लगतच्या स्थिर भागावरील रेषेशी जुळली की काम झाले, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः खूण हे मापन नव्हे. ती पूर्वी केलेल्या मापनाची नोंद होय. म्हणून प्रथम नियंत्रणदांडा व क्वाड्रंट रिगिंग पिनांनी मध्यस्थितीत अडकवितात, टर्नबकल फिरवून दोरांचा ताण साधतात, आणि पिना काढल्यावर पृष्ठाचा दोन्ही दिशांचा कोन अंशांत मोजतात.

ताणाचा विचार नागपुरास विशेष लागू पडतो. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले असता अॅल्युमिनियम दशलक्षांत सुमारे २३ भाग लांबते, साधे पोलाद सुमारे १२. हिवाळ्यातील पहाटेचे १० अंश व मे महिन्यातील ४६ अंश यांत ३६ अंशांचे अंतर. २० मीटर लांबीवर दोहोंच्या प्रसरणात जवळजवळ ८ मिलिमीटरांचा फरक पडतो. उन्हाने दोर सैल होत असावा, असे विद्यार्थ्यास वाटते, घडते उलटेच. धड दोरापेक्षा अधिक लांबते आणि ताण वाढतो. यास्तव ताणमापकाचे वाचन तापमानाच्या तक्त्याशी ताडून पाहावे लागते. उन्हातून हँगरमध्ये आणलेल्या विमानाचा पत्रा लवकर निवतो, आतील दोर मागे राहतो. दोहोंचे तापमान एक होईपर्यंत थांबणे आवश्यक असते. घाईच्या कामात कात्री लागते ती बहुधा याच वेळाला.

खूण पुसट झाली म्हणून तिच्यावर रंगाचे थर चढविणेही निर्धोक नाही. बिजागरीच्या मागे वाढलेले वजन पृष्ठाचा तोल बिघडविते, आणि वेग वाढताच ते थरथरू लागण्याचा संभव असतो.

८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे उड्डाण करताच बीचक्राफ्ट १९००डी विमान कोसळले व २१ जण मृत्यू पावले. त्यापूर्वी एलेव्हेटरच्या दोरांचा ताण जुळविण्यात आला होता; परंतु नंतरच्या काही पायऱ्या वगळल्या गेल्या. नाक खाली आणणारी एलेव्हेटरची हालचाल सुमारे निम्मीच उरली होती. भार मागे सरकलेला असताना ती अपुरी पडली.

नोव्हेंबर २०१८ मध्ये पोर्तुगालमधील अल्व्हेर्का येथून दुरुस्तीनंतर निघालेल्या एम्ब्राएर १९० विमानात तर एलेरॉनचे दोरच उलटे जोडले गेले होते. विमानातील सहाही जण वाचले. असा दोष मध्यखुणेत दिसत नाही, कारण मध्यस्थितीला दिशा नसते. दांडा डावीकडे वळविला असता डाव्या पंखाचा एलेरॉन वर जातो किंवा नाही, हे जोडणी न केलेल्या दुसऱ्या माणसाने बाहेर उभे राहून पाहावयाचे असते.