आवाज घरात, गायक दारात

अमेरिकेतील काळ्यांचे संगीत म्हटले की आपल्या लिहिण्याबोलण्यात ब्लूज येते, मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांची गाणी येतात, चर्चमधली प्रार्थनागीते येतात. वेदना आणि नकार तिथे उघड दिसतात, म्हणून ती आपल्याला जवळची वाटतात. काळ्या गायकाने गायलेले साधे, गोड प्रेमगीत मात्र आपण विचारातच घेत नाही. त्यात विद्रोह कुठे आहे, असे विचारून मोकळे होतो. मीही अनेक वर्षे असाच मोकळा झालो होतो.

मी केळापूर तालुक्यातला. पांढरकवड्याला शिकलो आणि पुढे तिथेच शिकवले. सत्तरच्या दशकात माझ्याकडे एक जुना ट्रान्झिस्टर होता. रात्री उशिरा शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकाचा जॅझचा कार्यक्रम लागे. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रक गेले की अर्धे गाणे त्या घरघरीत जाई. तशाच एका रात्री एक पुरुषी आवाज ऐकला. संथ, मऊ, किंचित खरखरीत, शेजारी बसून बोलावे तसा. हा गायक गोरा असणार, असे मी धरून चाललो. आमच्या मनात काळा आवाज म्हणजे आक्रोश, आणि हा तर अगदी निवांत होता! त्याचे नाव नॅट किंग कोल आणि तो काळा आहे हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. अत्याचारितांनी कसे गायला हवे, हे मी परस्पर ठरवून टाकले होते, हेही तेव्हाच कळले.

कोलचा जन्म १९१९ चा, अलाबामा राज्यातील माँटगोमेरीचा. वडील धर्मोपदेशक, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. कुटुंब शिकागोला गेले आणि तिथे तो पियानोवादक झाला. १९३७ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये त्याने पियानो, गिटार आणि बास अशा तिघांचा ताफा उभा केला. ढोल नाही. गाणे त्याच्याकडे नंतर आले, आणि शेवटपर्यंत तो पियानोवादकाच्या कानानेच गायला.

अशा गायकाला तिकडे 'क्रूनर' म्हणतात. ही जात मायक्रोफोनने जन्माला घातली. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण कर्ण्यात ओरडून करावे लागे. ज्याची छाती मोठी त्याचे गाणे मोठे. विजेचे मुद्रण आले आणि कुजबुजसुद्धा तबकडीवर उतरू लागली. आमच्या जलशातला गायक कानावर हात ठेवून मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज फेकत असे. त्याला समूहाला जागे करायचे होते. क्रूनर एकाच माणसाशी बोलतो. दोन्ही कला अवघड आहेत, पण दुसरीला आपल्याकडे उगाच हलके मानले जाते.

आता ही माणसे गातात काय? 'स्टँडर्ड'. नाटकांसाठी आणि चित्रपटांसाठी रचलेली ही गाणी मूळ नाटक विसरले गेले तरी जॅझवाल्यांनी जिवंत ठेवली. 'इट्स ओन्ली अ पेपर मून' हे गाणे १९३२ च्या एका नाटकासाठी रचले गेले. नाटक लगेच पडले, गाणे राहिले. चाल हॅरॉल्ड आर्लेनची, एका ज्यू धर्मगायकाच्या मुलाची. चंद्र कागदाचा असला तरी तू माझ्यावर विश्वास ठेवलास तर खरा होईल, इतकाच आशय. रचना ठरलेली: आठ आठ आवर्तनांचे चार तुकडे, त्यातला तिसरा वेगळ्या चालीचा. हा सांगाडा सर्वांना पाठ, म्हणून वादक आणि गायक त्यावर हवे ते बांधू शकतात. ख्यालातल्या चिजेसारखेच म्हणा.

कोल काय करतो ते नीट ऐकण्यासारखे आहे. तो शब्द बदलत नाही, शब्दाची वेळ बदलतो. शब्द ठोक्यावर पडत नाही, ठोक्याच्या किंचित मागे पडतो. ओळ संपते तेव्हा मात्र तो बरोबर जागेवर उभा असतो. कुठे घाई नाही. दुसऱ्याच्या घरातल्या खुर्चीत न विचारता, पण न उद्धटता बसावे, तसा तो त्या गाण्यात बसतो.

आपण याच्या अगदी उलट केले. आपल्या शाहिरांनी, गायन पार्ट्यांनी सिनेमाची चाल घेतली आणि शब्द बदलले. चाल लोकांना आधीच पाठ होती. तिच्यावर बाबासाहेबांचे चरित्र बसवले की ते गावोगावी पोहोचे. याला नक्कल म्हणून नाके मुरडणारे विद्वान मी पाहिले आहेत. माझ्या मते ती नक्कल नव्हती, तो ताबा होता. ज्यांच्या नावावर जमीन नाही, विहीर नाही, छापखाना नाही, त्यांनी हवेतून जाणाऱ्या चालीवर हक्क सांगितला. कोलने शब्द ठेवून चाल वाकवली, आपण चाल ठेवून शब्द पालटले.

आणि त्या चाली तरी कुठून आल्या? १९३५ साली येवल्याची घोषणा झाली. त्याच सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी या काळ्या अमेरिकन वादकाचा ताफा वाजवत होता. पुढे टेडी वेदरफोर्ड हा काळा पियानोवादकही तिथे आला. ऐकणारे संस्थानिक, इंग्रज आणि श्रीमंत. पण वाजवणे शिकले गोव्याचे वादक. त्यांच्यातला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या संगीतात आला; 'अलबेला' (१९५१) मध्ये जॅझचा ठेका थेट हिंदी गाण्यात ऐकू येतो. पुणतांब्यात जन्मलेले आणि नागपुरात गाणे शिकलेले सी. रामचंद्र स्वतः चितळकर या नावाने गात, आणि तेही मायक्रोफोनशी गप्पा मारत गात. सिनेमाची गाणी खेड्यात आली, खेड्यातून आमच्या वस्तीत आली. म्हणजे काळ्यांच्या हातचा ठेका ताजमहाल हॉटेलाच्या मागल्या दाराने निघून भीमजयंतीच्या मंडपापर्यंत येऊ शकला. आम्हाला कुणी सांगितले नाही इतकेच.

१९४३ साली मुद्रित झालेले कोलचे पहिले मोठे यशस्वी गाणे वडिलांच्या प्रवचनातल्या एका लोककथेवर आहे. गिधाड प्राण्यांना पाठीवर बसवून उंच नेते, खाली पाडते आणि खाते. माकड बसते तेव्हा ते गिधाडाच्या मानेला शेपटी आवळते आणि म्हणते, आता सरळ उड. या गाण्याचे हक्क कोलने आधीच ५० डॉलरला विकून टाकले होते. गोष्ट माकडाची, नफा गिधाडाचा!

पुढे पैसा आला. १९४८ साली त्याने लॉस एंजेलिसच्या हँकॉक पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले. शेजाऱ्यांची संघटना खवळली. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशावरून घर नाकारणारे करार न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला होता, त्यामुळे त्याला काढता येईना. इथे नकोशी माणसे यायला नकोत, असे शेजाऱ्यांनी ऐकवले. मलाही नकोत, कोणी दिसला तर पहिली तक्रार मीच करीन, असे त्याने उत्तर दिल्याचे प्रसिद्ध आहे. त्याचा आवाज तबकडीतून अशा वस्त्यांच्या दिवाणखान्यात केव्हाच जाऊन बसला होता. अडले ते माणसाचे.

हे वाचले तेव्हा मला आमच्या वस्तीतले वाजंत्री आठवले. त्यांच्या सनईशिवाय, डफड्याशिवाय पाटलाच्या घरचे लग्न लागत नसे. मुहूर्त त्यांच्या वाजण्यावर, आणि जेवण मात्र गोठ्याशेजारी, सगळ्यांचे झाल्यावर, घरून आणलेल्या भांड्यात. लहानपणी मी त्या पंगतीला बसलो आहे. सूर मांडवात, सनईवाला मांडवाबाहेर. आजही प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली विठ्ठलाची गाणी कुणाकुणाच्या घरात वाजतात ते पाहावे, आणि भीमगीते गाणारा तोच आवाज तिथे वाजतो का, तेही पाहावे.

१० एप्रिल १९५६. अलाबामातील बर्मिंगहॅम. सभागृहात सगळे गोरे श्रोते, कारण काळ्यांसाठी त्याच रात्री दुसरा खेळ होता. कोल एक प्रेमगीत गात असताना काही गोरे मंचावर चढले आणि त्यांनी त्याला खाली पाडले. तो ना मोर्चाचे गाणे गात होता, ना घोषणा देत होता. काळा माणूस निवांतपणे प्रेमाचे गातो आणि गोऱ्या बायका ऐकतात, एवढेच त्यांना सहन झाले नाही. 'यात विद्रोह कुठे आहे' या आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या हल्लेखोरांना आपल्याआधी कळले होते.

तरी मी त्याला सरसकट माफ करणार नाही. माँटगोमेरीत, त्याच्या जन्मगावी, काळी माणसे त्या वेळी बसवर बहिष्कार टाकून मैलोगणती पायी चालत होती, आणि हा वेगळ्या बसवलेल्या श्रोत्यांपुढे गायला तयार झाला. मी करमणूक करणारा आहे, राजकारणी नाही, अशी त्याची भूमिका होती. काळ्यांच्या वृत्तपत्रांनी त्याला झोडपले; हार्लेममध्ये काही ठिकाणी त्याच्या तबकड्या काढून टाकल्या गेल्या. ते रागावणे योग्यच होते. पुढे तो काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचा आजीव सभासद झाला. मात्र जखमी पाठीने त्याने त्या रात्रीचा दुसरा, काळ्यांसाठीचा खेळ केला, हेही लिहून ठेवले पाहिजे.

त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या तोंडावर, त्याने 'आफ्टर मिडनाइट' ही ध्वनिमुद्रिका केली. ती १९५७ साली निघाली. मोठा वाद्यवृंद बाजूला ठेवून तो आपल्या लहान ताफ्यासह पियानोपाशी परत आला. सोबतीला पाळीपाळीने पाहुणे: हॅरी एडिसनचा ट्रम्पेट, स्टफ स्मिथचे व्हायोलिन, विली स्मिथचा सॅक्सोफोन, हुआन टिझोलचा ट्रॉम्बोन. बहुतेक जुनी गाणी. नोव्हेंबरात त्याचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. लोक पाहत होते, पण देशभर जाहिरात करणारा एकही मोठा प्रायोजक मिळाला नाही. दक्षिणेतले गोरे गिऱ्हाईक दुरावेल ही भीती. डिसेंबर १९५७ मध्ये तो बंद झाला. १९६५ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने कोल गेला, तेव्हा तो ४५ वर्षांचा होता.

'पेपर मून' त्याने १९४३ साली गायले होते आणि या ध्वनिमुद्रिकेत पुन्हा गायले. मध्ये तेरा वर्षे, ते घर आणि बर्मिंगहॅम. गेल्या वर्षी वस्तीतल्या वाचनालयात मी दोन्ही मुद्रणे मुलांना मोबाइलवर ऐकवली. इंग्रजी कुणाला फारसे कळत नव्हते. जयंतीच्या पथकात ढोल वाजवणारा एक पोरगा बाकावर बोटांनी ठेका धरून बसला होता. दुसऱ्या मुद्रणाच्या मध्येच तो म्हणाला, "सर, हा मुद्दाम उशिरा येतो ना? पहिल्यापेक्षा जास्त." मी काही बोलायच्या आत त्याने मोबाइल हातात घेतला आणि गाणे पुन्हा सुरुवातीपासून लावले.