लाल यादी: कोणता जीव किती धोक्यात?

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील शेतकरी बांधवांची एक तक्रार आमच्या धर्मगुरूंच्या कानी वरचेवर येते. हरभऱ्याच्या वा सोयाबीनच्या कोवळ्या पिकात हरणांचा कळप शिरतो आणि रात्रीतून शेत उघडे पडते. ‘हरणे एवढी उदंड असताना ती संरक्षित का?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देताना प्रथम एक गोष्ट समजून घ्यावी लागते. कोणता जीव किती धोक्यात आहे, हे ठरवितात कसे?

हे काम आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ करतो. ही संस्था १९४८ साली फ्रान्समधील फाँतेन्ब्लो येथे स्थापन झाली. १९६४ पासून ती ‘लाल यादी’ ठेवीत आली आहे. आजवर दीड लाखाहून अधिक प्रजातींची तीत नोंद झाली आहे. प्रत्येक प्रजातीला नऊपैकी एका गटात स्थान मिळते: नामशेष, केवळ बंदिवासात वा लागवडीत उरलेली, अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित, संकटसमीप, किमान चिंतेची, अपुऱ्या माहितीची आणि मूल्यांकन न झालेली. यांपैकी अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त आणि असुरक्षित या तीन गटांनाच ‘धोक्यातील’ असे म्हणतात.

गट ठरतो तो ठराविक कसोट्यांवर. संख्या किती वेगाने घटली, वावराचे क्षेत्र किती आक्रसले, प्रजननक्षम जीव किती उरले आणि नामशेष होण्याची गणिती शक्यता किती, हे पाहिले जाते. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्या काळात, संख्या ३० टक्क्यांनी घटली तर प्रजाती सर्वसाधारणपणे असुरक्षित, ५० टक्क्यांनी घटली तर संकटग्रस्त आणि ८० टक्क्यांनी घटली तर अतिसंकटग्रस्त ठरते. प्रजननक्षम जीव पन्नासाहून कमी उरले, तर तेवढ्यावरूनही ती अतिसंकटग्रस्त ठरते. एखादी कसोटी लागू पडली तरी पुरे. सर्व कसोट्या एकाच वेळी लागू पडाव्यात अशी अट नाही. म्हणूनच यादी केवळ ‘किती आहेत’ एवढेच विचारीत नाही, तर ‘किती वेगाने जात आहेत’ हेही विचारते.

आता आपल्या माळरानाकडे पाहू. काळवीट पूर्वी संकटसमीप गटात होते. २०१७ पासून ते किमान चिंतेच्या गटात आहे. म्हणजे आपल्या शेतकऱ्यांचे निरीक्षण लाल यादीशी जुळते. मात्र लाल यादी म्हणजे कायदा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काळवीट आहे. त्यामुळे त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. मोराचेही तसेच. दुसऱ्या बाजूने, हरणांनी केलेल्या पीकहानीची भरपाई देण्याची तरतूद शासनाने केली आहे. नुकसान होताच विलंब न लावता वनविभागाकडे अर्ज करावा. तो आपला हक्क आहे.

याच माळाचा दुसरा रहिवासी म्हणजे माळढोक. त्याच्यासाठी लगतच्या सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात १९७९ साली अभयारण्य झाले. तरीही २०११ पासून हा पक्षी अतिसंकटग्रस्त आहे आणि आता त्यातले बहुतेक राजस्थानात उरले आहेत. मादी बहुधा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते. माळ नांगरले गेले आणि आभाळात विजेच्या तारा आल्या. त्या न दिसल्याने हा जड पक्षी त्यांना धडकून मरतो.

गिधाडांची कथा आपल्या गोठ्याशी निगडित आहे. पूर्वी गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर गिधाडे काही वेळातच साफ करीत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची संख्या १९९० च्या दशकापासून अवघ्या दीड दशकात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या औषधांवरही घातली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित आढळले आहे. पशुवैद्याकडे तेच मागणे प्रत्येक पशुपालकास शक्य आहे. माणसांसाठीचे इंजेक्शन जनावरास टोचू नये.

यादीत वरून खालीच जाता येते असे नाही. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणासही आढळले नव्हते. ११३ वर्षांनी, १९९७ साली, ते आपल्या राज्यातील शहाद्याजवळ पुन्हा दिसले. पुढे मेळघाटासह आणखी ठिकाणी त्याचा आढळ झाला आणि २०१८ मध्ये ते अतिसंकटग्रस्त गटातून संकटग्रस्त गटात आले. शेवटचा जीव मेला याविषयी वाजवी शंका उरत नाही, तोवर कोणासही नामशेष म्हणू नये, असा नियम आहे. त्यामागचे शहाणपण येथे दिसते.

श्रद्धावंतांनी या आकडेवारीत का लक्ष घालावे? उत्पत्तीच्या पुस्तकात देव प्राण्यांना आदामापुढे आणतो आणि आदाम त्यांना नावे ठेवतो. ज्याला नाव दिले त्याची जबाबदारीही आली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात स्पष्ट केले की प्रजाती या केवळ माणसाच्या उपयोगाची साधने नव्हेत. त्यांना स्वतःचे मोल आहे. स्वस्तात विकली जाणारी चिमणीही पित्याच्या नजरेतून सुटत नाही, असे प्रभू येशूने शिकविले. चिमणी आज किमान चिंतेच्या गटात आहे, गिधाड अतिसंकटग्रस्त आहे. पित्याच्या हिशेबात दोघेही आहेत.

दरवर्षी १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीचा काळ आपण पाळतो. या काळात प्रत्येक धर्मग्रामाने दोन गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवितो. पीकहानी झालेल्या कुटुंबास भरपाईचा अर्ज भरण्यास मदत करावी आणि आपल्या गोठ्यात कोणते औषध वापरले जाते, याची चौकशी करावी. शेतकऱ्याचा घास आणि गिधाडाचा प्राण यांपैकी एकाचीच निवड करा, असे प्रभू आपणांस सांगत नाही.