गंज नव्हे, तांबेरा : एका संगणकभाषेविषयी काही टिपणे

मराठीचा एक निवृत्त अध्यापक शाळेच्या व्याख्यानपुस्तिकेत संगणकाच्या भाषेवर लिहितो आहे, याचे अनेकांना नवल वाटेल. म्हणून आधी कारण सांगतो. आपल्या शाळेच्या जुन्या वार्षिकांकांतील शब्दांची सूची मी काही वर्षे करीत आहे. इंदुरात वाढलेल्या मराठी मुलांनी कोणते शब्द लिहिले आणि कोणते हळूहळू सोडले, हे त्यातून कळावे हा हेतू. कार्डांची खोकी माळ्यावर मावेनाशी झाली, तेव्हा एका माजी विद्यार्थ्याने आपुलकीने ‘सी’ या भाषेत आज्ञावली लिहून दिली. ती वर्षभर उत्तम चालली. निदान मला तसे वाटत होते. एके दिवशी ‘किंकर्तव्यविमूढ’ हा शब्द काढला, तर अर्थाच्या जागी दोनचार निरर्थक चिन्हे! शोध घेता अशा नोंदी बऱ्याच निघाल्या आणि त्यांतल्या काहींची कार्डे मी तोवर रद्दीत घातली होती.

दोष कोठे होता? आज्ञावलीत प्रत्येक शब्दाला ३२ बाइटांची खोली दिलेली होती आणि अर्थाची खोली तिला लागूनच होती. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत नागरीतील प्रत्येक चिन्हाला, म्हणजे मूळ अक्षराला, तसेच काना, वेलांटी, अनुस्वार व हलन्त यांनाही प्रत्येकी ३ बाइट लागतात. ‘किंकर्तव्यविमूढ’ या शब्दात आपण ७ अक्षरे मोजतो. संगणकाच्या लेखी चिन्हे १५ आणि बाइट ४५. बत्तिसांच्या खोलीत पंचेचाळीस पाहुणे शिरले, उरलेले शेजारच्या अर्थाला बाहेर ढकलून तेथे बसले. ‘सी’ भाषेने हरकत घेतली नाही. आज्ञावली थांबली नाही, कुरकुरलीही नाही. नेमके आपले जाडजूड सामासिक शब्द तेवढे बिघडले. लिहून देणाऱ्याला मी दोष देत नाही. १९७२च्या सुमारास घडलेली ती भाषा प्रोग्रामरवर संपूर्ण विश्वास टाकते, आणि माणूस चुकतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली सांगितले होते की, त्यांच्या उत्पादनांतील सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी स्मृतीच्या अशा गैरवापरातून येतात.

याच दुखण्यावर ‘रस्ट’ ही भाषा निघाली. ग्रेडन होअर या मोझिलातील प्रोग्रामरने २००६ साली ती स्वतःपुरती सुरू केली. व्हँकूव्हरमधील त्याच्या इमारतीची लिफ्ट संगणकाच्या बिघाडाने वरचेवर बंद पडे, त्या वैतागातून हा विचार आला, असे सांगतात. पहिली स्थिर आवृत्ती १५ मे २०१५ रोजी निघाली. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातही तिला प्रवेश मिळाला. नावाचा अर्थ लोक ‘गंज’ असा करतात. पण होअरच्या मनात होती ती तांबेरा ही बुरशी, आमच्या माळव्यातल्या गव्हावर पडते ती. अनेक अवस्था पालटून ती चिवटपणे टिकते म्हणून.

रस्टचे मर्म ‘मालकी’ या एका कल्पनेत आहे. संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक वस्तूला एका वेळी एकच मालक असतो. मालकाचे कार्यक्षेत्र संपले की वस्तूची विल्हेवाट आपोआप लागते. वस्तू दुसऱ्याला दिली की पहिल्याचा हक्क संपला. नंतर त्याने तिला हात लावल्यास कंपायलर आज्ञावलीच नाकारतो. मात्र वस्तू उसनी देता येते, आणि त्याचा नियम मला छापखान्यातल्या अनुभवामुळे चटकन उमगला. एका मुद्रिताची पाने चार जणांनी एकत्र बसून वाचली तर बिघडत नाही. पण कोणी लाल शाई घेऊन दुरुस्ती करू लागला, की त्याचे काम संपेपर्यंत ती पाने दुसऱ्या कोणाच्या हाती असता कामा नयेत; नाहीतर एक जण जुना पाठ वाचतो, दुसरा नवा. रस्टमध्येही तसेच : वाचणारे कितीही, किंवा लिहिणारा एकच. ही तपासणी आज्ञावली चालण्यापूर्वीच होते. माझ्या त्या ३२ बाइटांच्या खोलीवर मात्र पहारा चालत्या वेळी असतो. जागा ओलांडू पाहिली तर आज्ञावली तेथेच थांबते, शेजारी पुसला जात नाही.

शिकू इच्छिणाऱ्यांना अनुभवाचे दोन शब्द. पहिले काही आठवडे कंपायलर सारखा नापास करतो. रागावू नये, त्याचा संदेश शेवटपर्यंत वाचावा. दिलेली वस्तू पुन्हा वापरली तर ३८२ क्रमांकाची चूक दाखवतो, वस्तू कोणत्या ओळीत हातची गेली तेही सांगतो आणि पुष्कळदा उपायही सुचवतो. इतक्या सबुरीने मीही कधी निबंध तपासले नाहीत. आरंभी अडले तेथे सरळ ‘क्लोन’ म्हणून वस्तूची प्रत काढावी. त्यात लाज नाही, काटकसर मागाहून करता येते. इतर भाषांच्या पुस्तकांत दुहेरी साखळीची रचना सुरुवातीलाच शिकवतात. तिच्यात प्रत्येक कडीला दोन्ही शेजारणी धरून ठेवतात, मालकीण कोण ते ठरत नाही. रस्टमध्ये नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

नागरीच्या बाबतीत ही भाषा आपल्याला हवी तशी काटेकोर आहे. शब्दाची लांबी विचारली तर ती ४५ सांगते, कारण बाइट मोजते. चिन्हे वेगळी मागितली तर १५. चिन्हाच्या मधोमध शब्द कापू गेल्यास आज्ञावली तिथल्या तिथे थांबते, तुटके चिन्ह पुढे जाऊ देत नाही. तिच्या मूळ पाठ्यग्रंथात या प्रकरणी ‘नमस्ते’ हाच शब्द उदाहरणाला घेतला आहे. आपली ७ अक्षरे मात्र तिच्या मूळ सामग्रीत मिळत नाहीत. त्यासाठी वेगळे ग्रंथालय जोडावे लागते. तेही ताजे हवे : जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली आला. जुन्या नियमाने ‘र्त’ आणि ‘व्य’ फुटून ९ तुकडे होत.

नव्या आज्ञावलीतून एकही नोंद बिघडली नाही. कंपायलरने एकही आक्षेप न घेता ती स्वीकारली आणि सूची छापून पाहिली, तर ‘बाळ’ हा शब्द ‘बावळट’च्या आधी! युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठीला पाठ लावून येतो, आपल्या वर्णमालेत त्याचे स्थान ‘ह’नंतर. व्याकरणशुद्ध वाक्य खोटे असू शकते, तसेच हे. मराठीचा वर्णक्रम कंपायलरला कोणी शिकवलेला नाही. मग ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांचा क्रम मीच लिहून काढला. आता ‘बाहेर’नंतर ‘बाळ’ येते. रद्दीत गेलेल्या नोंदींसाठी वार्षिकांक पुन्हा पहिल्यापासून वाचतो आहे. ज्यांच्या घरी जुने अंक असतील त्यांनी ते शाळेत आणून द्यावेत.