'रन' म्हणजे फक्त धावणे नव्हे

'रन' म्हणजे धावणे हे आपण लहानपणीच पाठ करतो, आणि गडबड तिथूनच सुरू होते. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात या एका क्रियापदाचे ६०० हून जास्त अर्थ दिले आहेत! घाबरू नका, सगळे पाठ करायचे नाहीत.

एक गंमत बघा. मराठीत जे 'चालते', ते इंग्रजीत बऱ्याचदा 'धावते'. बाबा दुकान चालवतात : 'माय फादर रन्स अ शॉप'. पंप डिझेलवर चालतो : 'द पंप रन्स ऑन डिझेल'. मागे एकाने वहीत 'माय फादर वॉक्स अ शॉप' असं लिहिलं होतं. हसू नका, शब्दाला शब्द ठेवला की असंच होणार. नाक वाहतं तेव्हाही रनच : 'माय नोज इज रनिंग'.

निवडणुकीला मात्र आपण उभे राहतो. इंग्लंडमधला उमेदवारही 'स्टँड' करतो, अमेरिकेतला 'रन' करतो.

खरी काळजी घ्यायची ती मागून येणाऱ्या छोट्या शब्दाची. साखर संपली : 'वुई हॅव रन आउट ऑफ शुगर'. बाजारात बाई अचानक भेटल्या : 'आय रॅन इनटू माय टीचर'. (रन-रॅन-रन लक्षात आहे ना?) इथे 'इनटू'ऐवजी 'ओव्हर' लिहिलंत, तर तुम्ही बाईंच्या अंगावरून गाडी नेलीत! आणि 'इनटू'च्या पुढे भिंत किंवा झाड आलं, तर ती भेट नाही, धडक.