अर्ध्या श्वासाचं गणित

घड्याळ जवळ घ्या, मोबाइलमधलं असलं तरी चालेल. छाती भरून श्वास घ्या आणि एकाच सुरात ‘आ’ लावून धरा. किती सेकंद टिकलात? पंधरा? वीस? गाणाऱ्यांपैकी असाल तर थोडे जास्त. आता समजा कुणी येऊन सांगितलं, की यातला जवळजवळ अर्धा श्वास आम्ही काढून घेतोय, उरलेल्यात काय गायचं ते गा. तर?

हे संकट एका तरुण गवयावर खरोखर आलं होतं. त्याचं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगाव जिल्ह्यातलं सुळेभावी. आपण त्यांना कुमार गंधर्व म्हणून ओळखतो. ते थोर होते हे मी सांगायला नको. मला सांगायचंय ते त्यांच्या शरीरात काय घडलं, आणि तरी गाणं कसं झालं, याबद्दल. या गोष्टीत चमत्कार आहेत ते हवेचे, मातीचे आणि कानाचे.

हा मुलगा लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकायचा आणि जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. त्या काळच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात अख्खा राग: आलाप, बोल, ताना, सगळं. मुलगा हरकती उचलायचाच, पण बुजुर्ग गवई जिथे दम घेतो तिथेच हाही दम घ्यायचा! दुसऱ्याचं गाणं तर ठीक, दुसऱ्याचा श्वासही पाठ? एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटलं आणि तेच नाव कायमचं झालं. अकरा-बारा वर्षांचा असताना तो मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांच्या शाळेत दाखल झाला.

आणि मग, कोणत्याही मुलाला चुकत नाही ते झालं असणार. कंठ फुटणं. या वयात मुलाचं स्वरयंत्र भराभर वाढतं, आतल्या स्वरतंतूंची लांबी दीडपटीहून जास्त होते आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. पण मेंदूतले हिशेब जुन्याच मापाचे! कालपर्यंत जेवढा ताण दिला की पंचम लागायचा, तेवढ्याच ताणाला आज भलतंच काहीतरी निघतं. गाणाऱ्या मुलाला तेव्हा स्वतःचा गळा नव्याने शिकावा लागतो. नकलेवर उभ्या असलेल्या बालगायकांपैकी किती जण या वळणावर हरवतात! हा हरवला नाही. विशीत आला तेव्हा तो मैफली गाजवणारा गवई होता.

१९४७ साली देवधरांच्याच शिष्या भानुमती कंस यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्याच सुमारास क्षयाने गाठलं.

क्षयाचा जिवाणू ही काय चीज आहे ते थोडं थांबून बघू. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये तो जाहीर केला. त्याची पहिली खासियत म्हणजे आळस. आपल्या आतड्यातला ई-कोलाय जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जिवाणूला त्याच कामाला अठरा-वीस तास लागतात. दुसरी खासियत त्याहून थक्क करणारी. शरीरातल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, कारण गिळून मारणं हेच त्यांचं काम. पण हा गिळला गेल्यावर मरत नाही, त्या पेशीच्या पोटातच बिऱ्हाड थाटतो. पोलिसाच्या घरात राहणारा चोर! मग शरीर त्याच्याभोवती पेशींचा गराडा घालतं. कधी हा गराडा वर्षानुवर्षं टिकतो. कधी आतला भाग सडून पनीरासारखा होतो, फुटतो, आणि फुप्फुसात पोकळी राहते. गाणाऱ्याच्या दृष्टीने याहून वाईट जागा कोणती असणार?

औषध जवळजवळ नव्हतंच. विश्रांती, सकस अन्न आणि कोरडी हवा हाच उपचार. म्हणून मुंबईची दमट हवा सोडून माळव्याच्या पठारावरचं देवास. हे गाव मोठं गमतीचं: इंग्रजी अमदानीत एकाच गावात दोन संस्थानं, थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन्हीकडे मराठे पवारच राजे. कुमार तिथे पोहोचले तो दिवस ३० जानेवारी १९४८. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. कुमारांचं वय तेवीस. डॉक्टरांची सक्त ताकीद, गायचं नाही.

दिवस कसा जात असेल? खाटेवर. भानुमतीबाई शाळेत शिकवायच्या, घर चालवायच्या आणि शुश्रूषाही करायच्या. त्यांचं स्वतःचं गाणं या सगळ्यात कुठे गेलं, हे आपण फारसं विचारत नाही. विचारायला हवं. आणि हा पडलेला माणूस ऐकत होता. बाहेरून बायका गाणी म्हणत जायच्या, लग्नाची, सणाची, पावसाची. नाथपंथी साधू शीलनाथांची धुनी गावातच, त्यामुळे त्या पंथाच्या साधूंची निर्गुणी भजनं कानावर यायची. लहानपणापासून तबकडीवरचं तयार गाणं उचलणाऱ्या कानाला पहिल्यांदाच अशी गाणी मिळाली, जी कुणी मैफलीसाठी रचलेली नव्हती. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या त्या धुनांमध्ये त्यांना रागांची बीजं दिसायला लागली. पुढे धुना गोळा केल्या, लिहून काढल्या, आणि त्यांतूनच मालवती, लगनगांधार, सहेली तोडी, संजारी असे नवे ‘धुनउगम’ राग उभे राहिले. १९६५ साली मौज प्रकाशनाने काढलेल्या त्यांच्या ‘अनूपरागविलास’ या पुस्तकात ते सापडतील.

पण न गाता गाणं टिकतं कसं? याचा एक सुंदर पुरावा १९९५च्या एका प्रयोगात आहे. काही लोकांना पियानोवर पाच बोटांचा एक साधा पाठ दिला. एका गटाने पाच दिवस रोज दोन तास तो वाजवला. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ पियानोसमोर बसून, बोट न हलवता, तो फक्त मनात वाजवला. नंतर मेंदू तपासले तर बोटं चालवणाऱ्या भागात दोन्ही गटांत सारखेच बदल! वाजवण्यात मनातला गट थोडा मागे होता, पण एकदाच हात चालवायला दिला आणि त्याने मोठी मजल मारली. म्हणजे खाटेवरचा तो माणूस रिकामा नव्हता. त्याच्या डोक्यात रियाज चालू असणार, आणि त्याला फुप्फुसाची परवानगी लागत नव्हती.

आता मातीचा चमत्कार. १९४३ साली अमेरिकेत, रटगर्स विद्यापीठात, सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी मातीतले जिवाणू तपासत होता. एक जिवाणू असं रसायन बनवत होता, की त्यापुढे क्षयाचा जिवाणू टिकेना. हेच स्ट्रेप्टोमायसिन. ते करतं काय? जिवाणूच्या पेशीत प्रथिनं बनवणारी जी यंत्रं असतात त्यांना जाऊन चिकटतं, आणि ती यंत्रं हुकूम चुकीचे वाचायला लागतात. भलतीच प्रथिनं तयार होतात आणि पेशी स्वतःच्याच चुकांनी मरते. (१९५२चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समनना मिळालं. शॅट्झवर हा अन्यायच झाला, असं माझं मत.) त्याच १९५२च्या सुमारास हे औषध कुमारांना मिळालं.

इथे मला दर वेळी अंगावर काटा येतो. कारण स्ट्रेप्टोमायसिनचा एक कुप्रसिद्ध दुष्परिणाम आहे: ते अंतर्कर्णातल्या नाजूक केसपेशींना इजा करतं. काहींचा तोल जातो, काहींची ऐकण्याची शक्ती जाते, आणि या पेशी गेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. जे औषध गवयाचं फुप्फुस वाचवणार, तेच त्याचा कान घेऊन जाऊ शकत होतं! पाच वर्षं ज्या कानाने सगळं साठवलं, तोच पणाला लागला. कान वाचला. फुप्फुसही वाचलं, पण एकच. दुसरं जवळजवळ निकामी झालं. १९५३मध्ये ते पुन्हा मैफलीत गायले.

आता गणिताला बसू. फुप्फुसाला स्वतःचे स्नायू नसतात. खालून श्वासपटल आणि बाजूंनी फासळ्या त्याला ताणतात आणि सोडतात. काम पेटीच्या भात्यासारखं: भाता हवा साठवतो, स्वर कुठला लागायचा ते पट्ट्या ठरवतात. गळ्यातल्या ‘पट्ट्या’ म्हणजे जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचे स्वरतंतू. पुरुषाने काळी एकचा षड्ज लावला की ते सेकंदाला सुमारे १३९ वेळा उघडतात-मिटतात, तार षड्जाला २७७ वेळा. हा वेग ठरतो तंतूंच्या ताणाने. आवाज किती मोठा, ते ठरतं खालून येणाऱ्या हवेच्या दाबाने, आणि दाब निर्माण करतात स्नायू. या दोन्हींत फुप्फुस एक की दोन, याला फारसा अर्थ नाही. मग फुप्फुस ठरवतं काय? किती वेळ. फक्त किती वेळ!

आणि तो वेळ तरी किती? सशक्त पुरुषाला पूर्ण श्वास भरून साडेचार लिटरच्या आसपास हवा बाहेर सोडता येते. गाताना सेकंदाला साधारण दीडशे मिलिलिटर खर्च होते. कागदावर तीस सेकंद. अर्ध्या हवेत पंधरा. आता मध्यलय त्रिताल घ्या, सोळा मात्रा. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक आवर्तन आठ सेकंदांत संपतं. म्हणजे अर्ध्या श्वासातही कागदावर एक अख्खं आवर्तन बसतं आणि हवा शिल्लक राहते! उलट विलंबित एकतालाचं आवर्तन मिनिटभराचंही असू शकतं. ते दोन धडधाकट फुप्फुसांचा पैलवानही एका दमात गाऊ शकत नाही. श्वास सगळ्यांचाच तोकडा. तो कुठे तोडायचा, एवढाच प्रश्न गायनात असतो.

कुमारांनी तो तोडला अशा ठिकाणी, की लोक अजून त्यावर भांडतात. छोटा, टोकदार स्वरसमूह, मग थांबणं, मग अचानक वीज चमकावी तशी तान, पुन्हा थांबणं. लगेच निदान झालं: फुप्फुस एकच, म्हणून असं गातात. इतकं सोपं असतं तर क्षयातून उठलेला प्रत्येक गवई कुमार गंधर्व झाला असता. दम कमी असलेला माणूस वाक्याच्या मध्येच थांबतो. हे वाक्य पुरं करून थांबतात. फरक ऐकू येतो.

शिवाय ते थांबतात तेव्हा शांतता होतेच कुठे? मागे तंबोरे चालू असतात. तंबोऱ्याची घोडी सपाट नसते, किंचित बाकदार असते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवतात. ही जवारी. थरथरणारी तार त्या बाकावर पुनःपुन्हा टेकते-सुटते, आणि एका सुरातून उपस्वरांचा पाऊस पडतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं आहे. नियम असा, की तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असतो ते वाजू नयेत. तंबोऱ्यात तेही वाजतात! नीट जुळलेल्या खर्जाकडे कान लावा. षड्जाच्या तारेतून स्वच्छ गंधार ऐकू येईल. कुणीही वाजवलेला नसतो तो. षड्जाच्या पाचपट कंपनसंख्येचा उपस्वर आपोआप उगवतो, म्हणून जुने गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तंबोरे लावण्याबाबत कुमारजी किती काटेकोर होते याच्या आठवणी त्यांच्या शिष्यांनी भरपूर सांगितल्यात. असणारच. त्यांचं अर्धं गाणं ते थांबल्यावर तंबोऱ्यात चालू राहायचं. स्वर सोडायचा तो नेमका अशा जागी, की पुढचं काम त्या उपस्वरांनी आणि ऐकणाऱ्याच्या कानाने करावं. हवा लागतेच कशाला?

१२ जानेवारी १९९२ला देवासलाच ते गेले. आजारानंतर जवळजवळ चाळीस वर्षं गायले, म्हणजे आजाराआधी गायले त्याच्या दुपटीहून जास्त काळ. तेव्हा ‘बिचारे एकाच फुप्फुसावर गायचे’ हे वाक्य आता रजेवर पाठवायला हरकत नाही. पटत नसेल तर त्यांची एखादी मध्यलयीतली बंदिश लावा, पण मोबाइलच्या स्पीकरवर नको. तंबोऱ्याचा काळी एकचा खर्ज सेकंदाला ६९ कंपनांचा. एवढा खालचा सूर त्या इवल्या स्पीकरमधून धड बाहेरच पडत नाही. चांगले हेडफोन लावा, नाहीतर शेजाऱ्याकडून मोठा स्पीकर मागून आणा.