बंदुकीच्या तोंडावरची टोपी

दिवाळीत आमच्या महागावच्या घरी फटाक्यांचा त्रास सगळ्यांत कमी कोणाला होत असेल, तर तो आमच्या बाबांना. अंगणात सुतळी बॉम्ब फुटला की आम्ही सारे दचकतो. बाबा मात्र खुर्चीत बसून शांतपणे चिवडा खात असतात. त्यांचा डावा कान पार गेलेला आहे. त्यामुळे नातवंडे जे काही मागायचे ते उजवीकडून मागतात, आणि आईने खर्चाचा हिशेब काढला की बाबा हळूच डावी बाजू तिच्याकडे करतात!

हा कान भरमार बंदुकीने नेला. रानडुकरे आणि रोही एका रात्रीत तुरीचा फडशा पाडतात, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पीकसंरक्षणाचा परवाना काढून बाबांनी बंदूक घेतली आणि कित्येक हिवाळे ते जागलीला जाऊन हवेत नुसत्या दारूचे बार काढीत राहिले. उजव्या खांद्याला दस्ता लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. म्हणून आधी डावा गेला.

आमच्या शेजारी फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार काका आहेत. उभी नोकरी त्यांनी बंदुका दुरुस्त करण्यात घालवली. गेल्या दिवाळीत फराळाला आले तेव्हा मी विचारले, “काका, बाबांच्या बंदुकीला सायलेन्सर बसवला असता, तर कान वाचला असता का हो?”

काका खो खो हसले. “अरे प्रोफेसर, भरमार बंदुकीत दारू तोंडातून भरतात. तोंडावर टोपी घातल्यावर दारू काय दस्त्यातून भरशील? अन् आवाजच मारला तं डुक्कर कायले भिईन?”

माझी मराठीची एम. ए. तिथेच संपली. पण काका रंगात आले होते. हिरम मॅक्सिमने १८८४ च्या सुमारास मशीनगन काढली आणि पुढे तो ठार बहिरा झाला. त्याच्याच मुलाने, हिरम पर्सी मॅक्सिमने, आवाज मारणारी नळी काढून १९०९ मध्ये तिचे पेटंट मिळवले. बापाने आवाज केला, लेकाने तो मिटवला!

सिनेमात खलनायकाची बंदूक ‘फुस्’ करते, ते मात्र खोटे. रायफलीचा आवाज साधारण १५० ते १७० डेसिबल असतो. १४० च्या पुढचा एकच बारसुद्धा कान कायमचा दुखावू शकतो. सायलेन्सर त्यातले २० ते ३५ कमी करतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. गोळी त्याहून वेगाने निघाली, तर वाटेत तिचा स्वतःचा कडाका होतोच. फिनलंड-नॉर्वेकडचे शिकारी कान सांभाळण्यासाठी ही नळी उघडपणे वापरतात. आपल्याकडे ती प्रतिबंधित वर्गात मोडते, सामान्य परवानेदाराला बाळगता येत नाही.

“पण खरी मेख नळीत नाही, बैठकीत हाय,” असे म्हणत काकांनी लोणच्याची बरणी पुढे ओढली आणि झाकण मुद्दाम तिरपे फिरवले. “पाय, बसल्यासारखं वाटते ना? आता बरणी आडवी कर, तेल गळीन. एक आटा चुकला की झालं.”

रायफलीचेही तेच. सायलेन्सरच्या आत एकामागे एक पडदे असतात आणि त्यांची भोके गोळीपेक्षा जेमतेम मोठी. त्याची बैठक नळीच्या पोकळीशी अगदी एका रेषेत हवी. मागे केसाएवढा तिरपेपणा राहिला, तर पुढच्या टोकाला तो वाढतो आणि गोळी पडद्याला घासते. म्हणून आटे स्वच्छ हवेत, बैठक नळीच्या खांद्यावर सपाट टेकायला हवी, आणि गोळी झाडण्यापूर्वी जाणकाराने सरळ सळईने रेष तपासायला हवी. जोर लावून घट्ट केले म्हणजे नीट बसले, असे नव्हे.

“मग बाबांनी काय करायला हवं होतं?” मी विचारले. “कापसाच्या जिल्ह्यात राहून कानात बोंडभर कापूस घालायचं सुचलं नाही!”

“कापूस पुरत नाही, बापू,” काका म्हणाले. त्यांनी खिशातून स्पंजाचे दोन बोळे काढले. “हे पाहिजे होतं. पण इथंबी बैठकच. नुसतं खोचलं तं व्यर्थ. बारीक वळायचं, कान वर अन् मागं ओढायचा, आत सारायचं, आन् फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचं.”

बाबा उजवा कान पुढे करून हे सारे ऐकत होते. काही बोलले नाहीत. काका गेल्यावर त्यांनी ते बोळे उचलले, माझ्या धाकटीला जवळ बोलावले, तिचा डावा कान हलकेच वर ओढला आणि बोळा आत सारून बोट तसेच धरून ठेवले. मग उजवा. बऱ्याच वेळाने बोट काढून त्यांनी अंगणाकडे मान हलवली.

“हं, जा आता. लाव वात.”