स्मिर्नाचे खिमा-गोळे आणि वाडगाभर भात

आठवड्याच्या मधल्या वारी, दिवसभराचे काम आटोपून सायंकाळी साडेसात-आठच्या सुमारास घरी परतणाऱ्या नोकरदार दांपत्यापुढे रात्रीच्या जेवणाचा प्रश्न नित्य उभा असतो. साग्रसंगीत स्वयंपाक करण्याइतके त्राण उरलेले नसते. बाहेरून मागवलेले अन्न वारंवार खिशाला परवडत नाही व पोटालाही मानवत नाही. अशा वेळी एकाच वाडग्यात मोकळा भात, त्यावर टोमॅटोच्या रसातील खिम्याचे गोळे, शेजारी घट्ट दह्यातील काकडी आणि थोडी कच्ची भाजी असे पोटभरीचे जेवण पाऊण तासात सिद्ध होऊ शकते. शहरांतील उपाहारगृहांत 'ग्रीक मीटबॉल राईस बोल' म्हणून जो प्रकार मिळतो तो हाच.

वाडग्याची ही मांडणी मात्र ग्रीक नव्हे. ग्रीक घरात भात, मांसाचा पदार्थ, दही आणि सॅलड ही निरनिराळ्या बशांतून मेजावर येतात व ज्याला जे हवे ते तो वाढून घेतो. सर्व काही एकावर एक रचून एकाच भांड्यात देण्याची रीत अलीकडच्या उपाहारगृहांची आहे. तथापि वाडग्यात जे घातले जाते ते अस्सल आहे आणि खिम्याच्या गोळ्यांबरोबर भात खाण्याची पद्धत तर ग्रीसमधील असंख्य घरांत आजही रूढ आहे. भांडे बदलले एवढेच.

ग्रीक भाषेत साध्या तळलेल्या खिमा-गोळ्यांना 'केफ्तेदेस' म्हणतात. हा शब्द तुर्की 'कोफ्ते'वरून आला आणि तुर्कीत तो फार्सीतून आला. फार्सीत 'कोफ्तन' म्हणजे कुटणे. आपल्याकडील 'कोफ्ता'ही त्याच मुळाचा. ग्रीकांचा 'पिलाफी' आणि आपला पुलाव यांचेही नाते असेच आहे. गोळ्यांचे ग्रीक प्रकार अनेक आहेत. कच्चा तांदूळ खिम्यात मिसळून, रश्शात शिजवून, वर अंडे व लिंबाची कालवण घातलेला प्रकार 'यूवार्लाकिया' या नावाने प्रसिद्ध आहे. परंतु भाताच्या वाडग्याला सर्वाधिक शोभणारा प्रकार म्हणजे 'सुत्झुकाकिया'. अंगठ्याएवढे लांबट गोळे, जिरे व लसूण यांचा ठळक स्वाद आणि टोमॅटोचा दाट रस ही त्याची ओळख. नावाचा अर्थ 'छोटे सुजुक' असा असून सुजुक हा तुर्कस्तानातील मसालेदार सॉसेजचा प्रकार होय. या गोळ्यांच्या नावापुढे ग्रीक लोक आवर्जून 'स्मिर्नेइका', म्हणजे स्मिर्नाचे, असे विशेषण लावतात. त्या विशेषणामागे मोठा इतिहास आहे.

स्मिर्ना म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमिर. एजियन समुद्रकाठच्या या गजबजलेल्या व्यापारी बंदरात ग्रीक, तुर्क, आर्मेनियन आणि ज्यू शतकानुशतके एकत्र राहत होते. १९१९ ते १९२२ या काळातील ग्रीक-तुर्क युद्धाचा शेवट ग्रीक सैन्याच्या पराभवात झाला आणि सप्टेंबर १९२२ मध्ये या शहराचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला. पाठोपाठ ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे झालेल्या करारान्वये दोन्ही देशांनी लोकसंख्येची सक्तीने अदलाबदल केली. निकष धर्माचा होता, भाषेचा नव्हे. त्यामुळे केवळ तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि ग्रीक बोलणारे क्रीट बेटावरील मुसलमान तुर्कस्तानात गेले. सुमारे ५० लाख लोकवस्तीच्या ग्रीसमध्ये सुमारे १२ लाख निर्वासित आले. त्यांच्या पुनर्वसनासाठी राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने १९२४ मध्ये कर्ज उभारण्यात आले व त्याची विक्री लंडन, न्यूयॉर्क आणि अथेन्स येथे झाली. बँकिंग क्षेत्रातील वाचकांना हेही जाणून घेण्यास आवडेल की, ग्रीसची मध्यवर्ती बँक १९२८ मध्ये कार्यरत झाली, तीदेखील राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालील त्यानंतरच्या कर्जव्यवहारातूनच.

निर्वासितांनी अथेन्सच्या परिसरात 'नेआ स्मिर्नी' म्हणजे नवे स्मिर्ना, 'नेआ इओनिया' अशी वसाहतींना नावे दिली आणि आपल्या चुली मांडल्या. मूळच्या रहिवाशांकडून त्यांचे स्वागत मात्र प्रेमाने झाले नाही. 'तुर्कांची अवलाद' अशी शिवी त्यांना ऐकावी लागे. आणखी एक शिवी होती 'दह्यात बाप्तिस्मा झालेले'. कारण ही माणसे स्वयंपाकात दही सढळ हाताने वापरीत. जिरे, दालचिनी आणि दही ही त्या काळी ग्रीसमध्ये परकेपणाची खूण ठरली होती. निकोलाओस त्सेलेमेन्तेस (१८७८-१९५८) या विख्यात पाकशास्त्रज्ञाने तर ग्रीक स्वयंपाकातून पौर्वात्य प्रभाव दूर करून फ्रेंच वळण देण्याचा प्रयत्न केला. त्याचे पुस्तक इतके खपले की ग्रीक भाषेत 'त्सेलेमेन्तेस' म्हणजे पाकपुस्तक असा अर्थच रूढ झाला. तरीही पौर्वात्य स्वाद ग्रीक स्वयंपाकघरातून हद्दपार झाला नाही. आज जगाच्या पाठीवर कोठेही ग्रीक उपाहारगृहात गेले, तर पहिली बशी बहुधा दह्याचीच येते.

त्या बशीचे नाव 'त्झात्झिकी'. मराठी घराला ती काकडीच्या कोशिंबिरीची बहीण वाटेल. फरक आहे तो पाण्याचा. काकडीच्या कोशिंबिरीत सुटलेले पाणी शेंगदाण्याचे कूट शोषून घेते. येथे कूट नसल्याने दही व काकडी दोन्ही आधीच कोरडी करावी लागतात. अर्धा किलो सायीचे दही श्रीखंडाच्या चक्क्याप्रमाणे मलमलच्या फडक्यात बांधून आदल्या रात्री चाळणीवर, खाली भांडे ठेवून, फ्रीजमध्ये निथळत ठेवावे. सकाळी जवळपास निम्मे वजन उरते. हा चक्का फार आंबट नसावा. दुसऱ्या दिवशी एक मोठी काकडी किसून, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटांनी मुठीत घट्ट पिळावी. चक्क्यात ती काकडी, ठेचलेली एक-दोन लसूण पाकळ्या, एक चमचा ऑलिव्ह तेल, अर्धे लिंबू किंवा थोडे व्हिनेगर आणि बारीक चिरलेला शेपू घालावा. ग्रीसमध्येही त्झात्झिकीत शेपू किंवा पुदिना घालतात. शेपू पाहताच पान सोडून उठणाऱ्या मंडळींनी येथे त्याला एक संधी देण्यास हरकत नाही. थंड दह्यात त्याचा उग्रपणा पुष्कळच निवतो.

आता गोळ्यांकडे वळू. चार माणसांसाठी अर्धा किलो मटणाचा खिमा, दोन शिळ्या पावाचे काप, एक मध्यम कांदा, चार पाकळ्या लसूण, दीड चमचा भाजून कुटलेले जिरे, एक अंडे, एक चमचा मीठ, मिरपूड व मूठभर कोथिंबीर एवढे साहित्य पुरते. पावाचे काप थोड्या दुधात किंवा पाण्यात भिजवून, पिळून, कुस्करून घ्यावेत. कांदा किसून त्याचेही पाणी काढावे. पाव घालण्यामागे काटकसर आहेच, कारण महाग मांस त्यामुळे जास्त माणसांना पुरते. पण शास्त्रही आहे. मांस तापले की त्यातील प्रथिने आकसतात व रस बाहेर पिळून टाकतात. भिजलेल्या पावातील स्टार्च हा रस धरून ठेवतो आणि प्रथिनांची वीण घट्ट होऊ देत नाही. म्हणून पाव वगळून केवळ खिमा वळला तर गोळा रबरासारखा होतो. याच कारणास्तव मिश्रण कणकेसारखे तिंबू नये. बोटांनी हलके एकजीव करावे, पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावे आणि ओल्या हाताने वीस-बावीस लांबट गोळे वळावेत. आपल्याकडील बोकडाचा खिमा बहुधा कमी चरबीचा असतो. मिश्रणात एक चमचा तेल घातल्यास बरे.

पसरट पॅनमध्ये तीन-चार चमचे तेल चांगले तापवून गोळे दोन खेपांत परतावेत. एकदम सगळे घातले तर तेलाचे तापमान उतरते, खिम्याला पाणी सुटते आणि गोळे भाजण्याऐवजी उकडले जातात. खमंगपणा देणारी तांबूस भाजणी पृष्ठभाग कोरडा व पुरेसा तप्त असेल तरच चढते. या रासायनिक क्रियेचे पहिले वर्णन लुई-कामिल मेयार या फ्रेंच संशोधकाने १९१२ मध्ये केले व तिला त्याचेच नाव मिळाले. गोळे बाजूस काढून त्याच पॅनमध्ये एक ठेचलेली लसूण पाकळी, दालचिनीचा लहान तुकडा, तमालपत्र आणि किसणीवर किसलेले पाच-सहा पिकलेले टोमॅटो घालावेत. साल हातात राहते, ती टाकून द्यावी. मीठ व चिमूटभर साखर घालून रस जरासा आटला की गोळे त्यात सोडून मंद आचेवर झाकण ठेवून बारा ते पंधरा मिनिटे शिजवावेत. मूळ कृतीत थोडी लाल वाइनही असते. ती वगळल्याने मोठे नुकसान होत नाही.

हे रसातले शिजणे केवळ चवीसाठी नाही. मांसाच्या अखंड तुकड्यावरील जंतू बहुतांशी पृष्ठभागावर असतात आणि भाजताना नष्ट होतात. खिमा करताना तो पृष्ठभागच आतपर्यंत मिसळला जातो. म्हणून खिम्याचा गोळा मध्यभागी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत, कोंबडीच्या खिम्याचा असल्यास ७४ अंशांपर्यंत तापला पाहिजे. वरून झालेला तांबूस रंग आतल्या तापमानाची साक्ष देत नाही. लहान मुले, वृद्ध व गर्भवती स्त्रिया यांच्या ताटात जाणाऱ्या गोळ्यांबाबत तर हयगय नकोच. खिमा आणल्यावर फ्रीजमध्येही एक-दोन दिवसांपलीकडे ठेवू नये. त्याहून अधिक ठेवायचा झाल्यास गोठवावा व आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवावा, ओट्यावर नव्हे.

भाताविषयी मराठी वाचकांना फार सांगण्याचे कारण नाही. ग्रीकांना तांदळाची ओळख भारतामुळे झाली. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर थिओफ्रास्टस या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतातील भातपिकाचे वर्णन केले आहे. आज थेसालोनिकीच्या पश्चिमेस अक्सिओस नदीच्या मुखाकडील सखल प्रदेशात भाताची मोठी शेती होते. क्रीट बेटावर लग्नसमारंभात मांसाच्या रश्शात शिजवलेला, लिंबू व लोणी घातलेला मऊसर पिलाफी वाढतात. वाडग्यासाठी मात्र मोकळा भात हवा. दीड वाटी बासमती किंवा कोलम तांदूळ वीस मिनिटे भिजवून, निथळून, चमचाभर तेलात परतावा. अडीच वाटी उकळते पाणी व मीठ घालून झाकून शिजवावा आणि आच बंद केल्यावर दहा मिनिटे वाफेत मुरू द्यावा. लिंबाचा रस व किसलेली साल अगदी शेवटी घालावी. इंद्रायणीचा चिकट भात चवीला उत्तम, पण टोमॅटोच्या रसाखाली त्याचा लगदा होतो.

वाडग्यात तळाशी भात, त्यावर पाच गोळे व थोडा रस, एका बाजूस त्झात्झिकी, दुसऱ्या बाजूस चिरलेला कांदा, काकडी, टोमॅटो. मिळाल्यास ऑलिव्ह फळे. फेटा हे खारवलेले चीज मेंढीच्या, किंवा मेंढीच्या व थोड्या बकरीच्या, दुधाचे असते. युरोपीय महासंघाने २००२ पासून ते नाव ग्रीसमधील ठराविक प्रदेशांतील चीजसाठीच राखून ठेवले आहे. ते महाग पडते. त्याऐवजी पनीर मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून चुरडता येते, पण त्याला फेटा म्हणू नये. ओरेगॅनो नसेल तर अंगणातील किंवा कुंडीतील पानओव्याची दोन पाने अगदी बारीक चिरून भुरभुरावीत. ओरेगॅनोत असलेली कार्व्हाक्रॉल व थायमॉल ही सुगंधी द्रव्ये पानओव्यातही आहेत, त्यामुळे गंध बराच जुळतो.

शाकाहारी कुटुंबांनी निराश होण्याचे कारण नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात उपवासाचे दिवस पुष्कळ असल्याने ग्रीकांनी मांसाविना गोळेही अनेक केले. सांतोरिनी बेटावर टोमॅटोचे, अन्यत्र कोवळ्या भोपळ्याच्या जातीच्या भाजीचे आणि काबुली चण्याचे गोळे होतात. रात्रभर भिजवलेले चणे न शिजवता भरड वाटून, कांदा, लसूण, जिरे, कोथिंबीर व थोडे पीठ घालून तळावेत. हे गोळे मात्र रसात शिजवू नयेत, फुटतात. रस वाढताना वरून घालावा.

राहिलेले गोळे रसासह फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात आणि दुसऱ्या दिवशी अधिक मुरतात. भाताबाबत मात्र दक्षता हवी. बॅसिलस सेरिअस या जीवाणूचे बीजाणू तांदळात असतात व शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास उबदार राहिला की त्यांची वाढ होऊन जे विष तयार होते, ते पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी भात ठेवायचा असल्यास तो रात्रभर पातेल्यात झाकून न ठेवता ताटात पसरून निववावा आणि तासाभरात फ्रीजमध्ये ठेवावा. सकाळी वाफ येईपर्यंत गरम करून डब्यात भरावा. त्झात्झिकी वेगळ्या डबीत न्यावी, आणि कार्यालयात दुपारी बैठक असल्यास त्यातील लसूण बेताने घातलेली बरी.